शिक्षा संपल्यावरचा वनवास

नाशिकरोडला जेलरोड नावाचा मोठा वसता भाग आहे. मध्यवर्ती कारागृह १९२७ सालचे. आज त्याच्या आजूबाजूला शाळा आहेत, दवाखाने आहेत, मंगल कार्यालये आहेत, देवळे आहेत. लग्नपत्रिकेवर ‘जेलरोड’ असा पत्ता छापताना तिथल्या कुणालाही संकोच वाटत नाही. तुरुंगाच्या उंच भिंतीचे भय कुणालाच नाही. भय आहे ते त्या दरवाजातून शिक्षा पुरी करून, हातात एक पिशवी घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाचे. भिंत शेजारी चालते, माणूस शेजारी चालत नाही.

त्याच कारागृहातले बंदी गणेशमूर्ती घडवतात आणि नाशिककर त्या आवडीने विकत घेतात. मूर्ती मखरात बसते, घरातली सगळी माणसे हात जोडतात, आरती होते. पण ज्या हातांनी ती सोंड वळवली ते हात सुटून आले आणि आपल्याच चाळीत एक खोली भाड्याने मागू लागले, तर दार लोटले जाते. २०२२ साली राज्यातल्या कारागृहांत तुकोबांच्या नावाने भजन-अभंगांची स्पर्धा झाली. बंद्यांनी टाळ-मृदंग हाती घेतले, त्याच्या बातम्या आपण कौतुकाने वाचल्या, एकमेकांना पाठवल्या. आत असलेला माणूस अभंग गातो तेव्हा आपल्याला गहिवरून येते. तोच माणूस बाहेर येऊन आपल्या भजनाच्या सतरंजीवर बसला, की आपण चपला नीट आत ठेवल्या आहेत ना, हे पाहतो.

सज्जनहो, हा लेख या विसंगतीवर आहे, आणि तो गोड शब्दांत लिहिता येणार नाही.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे नाशिकमध्ये भाड्याच्या खोलीची अडचण सगळ्यांनाच असते. सुटून आलेल्याची अडचण वेगळी. दलाल आधी नाव विचारतो, मग गाव, मग ‘आधी कुठे राहत होता?’ या प्रश्नावर गाडी अडते. खरे सांगितले तर खोली मिळत नाही. खोटे सांगून मिळाली तर महिन्या-दोन महिन्यांत कुणीतरी ओळखतो, जिन्यात कुजबुज सुरू होते, सोसायटीच्या बैठकीत विषय निघतो, कागदावर सह्या होतात आणि घरमालकाला निरोप जातो. ओरडाआरडा नाही, मारहाण नाही. चार सभ्य माणसे सभ्य शब्दांत एका कुटुंबाला उठवतात. त्या कागदावरच्या सह्यांत गळ्यात तुळशीची माळ असलेल्यांच्या सह्या नसतात, असे छातीवर हात ठेवून सांगणारा कुणी असेल तर त्याने पुढे यावे.

पत्ता नाही म्हणजे काय नाही, हे घर असलेल्याला चटकन कळत नाही. पत्ता नसला की शिधापत्रिकेची अडचण, आधारवरचा पत्ता बदलण्याची अडचण, बँकेत खाते उघडण्याची अडचण. कंत्राटदार कामावर घेण्याआधी कागद मागतो. मुलाच्या शाळेत दाखल्याबरोबर पत्त्याचा पुरावा लागतो. म्हणजे एक खोली नाकारताना आपण नोकरी, शाळा, दवाखाना, सगळेच नाकारत असतो. मग अशा माणसाला आसरा कोण देतो? बराकीत ज्याच्याशी ओळख झाली, ज्याला त्याचा उपयोग करून घ्यायचा आहे, तो देतो. त्याची खोली तयार असते, तो भाडे मागत नाही, त्याची वसुली पुढे वेगळ्या रीतीने होते. आपण दार लावले की हा माणूस हवेत विरून जात नाही. तो दुसऱ्या दारात जातो. ते दार कोणाचे असावे, हे आपल्या नकाराने ठरते.

आणखी एक गोष्ट. तुरुंगातून आला म्हणजे गुन्हेगारच, हे समीकरण मुळातच खोटे आहे. २०२२ च्या अखेरच्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशातल्या तुरुंगांत असलेल्या दर चार माणसांपैकी तीन माणसे न्यायाधीन होती. म्हणजे त्यांच्यावरचा आरोप अजून कोर्टात सिद्ध व्हायचा होता. जामिनाचे पैसे नाहीत, जामीनदार नाही, म्हणून महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे आत राहिलेली ही माणसे. त्यातला एखादा पुढे निर्दोष सुटतो. न्यायाधीश म्हणतो, तू मोकळा. जिन्यातली कुजबुज म्हणते, काहीतरी केले असेलच की.

आपल्या जनाबाईवर काय आले होते, ते आठवावे. देवाच्या गळ्यातले पदक चोरल्याचा आळ तिच्यावर आला. संतचरित्रे सांगतात, तिला सुळावर द्यायला नेले आणि सुळाचे पाणी झाले. ही कथा कीर्तनात आली की आपले डोळे भरतात. पण त्या कथेत आळ घेणारे कोण होते? ते दरोडेखोर नव्हते. देवळात येणारी-जाणारी, पूजाअर्चा करणारी, आपल्यासारखीच माणसे होती. कथा ऐकताना आपण मनाने जनाबाईच्या बाजूला उभे राहतो, आणि कथा संपवून घरी आलो की त्या पुजाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसतो.

कुणी म्हणेल, जनाबाई निर्दोष होती. ज्याने खरोखरच गुन्हा केला, त्याचे काय? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या संप्रदायाच्या पायातच आहे, आणि ते नाशिककरांना तर पाठ असायला हवे.

विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला आणि गुरूंच्या आज्ञेने पुन्हा गृहस्थाश्रमात आले. त्या काळच्या धर्मशास्त्राप्रमाणे हा अपराध होता. आळंदीने त्यांना वाळीत टाकले. परंपरा सांगते की हे कुटुंब गावाबाहेर सिद्धबेटावर राहिले, कारण गावात त्यांना जागा नव्हती. अनुष्ठानासाठी ते त्र्यंबकेश्वरी आले. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत निवृत्तिनाथांची चुकामूक झाली आणि गहिनीनाथांच्या गुहेत त्यांना गुरू भेटले. ज्या पोरांना माणसांच्या वस्तीत थारा नव्हता, त्यांना आपल्या नाशिकच्या डोंगराने थारा दिला. पुढे विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांनी ब्रह्मवृंदाने सांगितलेले देहान्त प्रायश्चित्त घेतले. याहून मोठी शिक्षा नसते. शिक्षा पूर्ण भोगून झाली. तरी त्या चार लेकरांना गावाने जवळ केले नाही. त्यांना शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट धरावी लागली.

माउलींची महती सांगताना या प्रसंगाचा हा अर्थ आपण सहसा सांगत नाही. विठ्ठलपंत निर्दोष होते की दोषी, हा वाद घटकाभर बाजूला ठेवा. गावाच्या नियमाने दोषी ठरवले, गावाच्याच नियमाने शिक्षा सांगितली, ती त्यांनी भोगली, आणि तरीही गावाने दार उघडले नाही. म्हणजे गावाने स्वतःचाच शब्द मोडला. संप्रदायाच्या आरंभीच्या कथेत अन्याय करणारा कुणी राजा नाही, कुणी परकीय नाही. अन्याय करणारी ती शेजारची आळी आहे.

आणि ज्यांनी खरेच चोरी केली त्यांचेही उदाहरण आहे. नाथांच्या वाड्यात चोर शिरले. देवघरापाशी येताच त्यांची दृष्टी गेली, ते चाचपडू लागले. नाथांनी त्यांच्या डोळ्यांवरून हात फिरवला, त्यांना जेवू घातले, हवे ते घेऊन जा म्हणाले, आपल्या बोटातली अंगठीही पुढे केली. हे सारे नाथांनी चोर ‘सुधारले’ याचा दाखला मागून केले नाही. आज त्याच पैठणला राज्याचे खुले कारागृह आहे. तिथे बंद्यांवर विश्वास टाकून त्यांच्याकडून शेती करून घेतली जाते. सरकारने नाथांच्या गावात जे शिकून घेतले, ते नाथषष्ठीला जाणाऱ्या आपल्याला जमू नये?

आता आक्षेपांकडे येऊ. ते टाळून चालणार नाही, कारण त्यामागची काळजी खोटी नाही.

पहिला आक्षेप असा: ‘आमच्या घरात लेकीबाळी आहेत.’ आहेत, आणि त्यांची काळजी घेतलीच पाहिजे. ज्याने लहान मुलांवर अत्याचार केला, त्याला शाळेच्या, वसतिगृहाच्या, खेळाच्या मैदानाच्या शेजारी राहायला देऊ नये, हे म्हणणे योग्य आहे. ज्याच्या हातून जखम झाली त्याने जखमी घरासमोर येऊन राहू नये, हेही योग्य आहे. ज्या आईचा मुलगा गेला, तिला रोज सकाळी त्याचा मारेकरी दिसावा, असे कुठलाही संत म्हणणार नाही. क्षमा करायची की नाही, हा तिचा अधिकार. तिच्या वतीने क्षमा वाटत फिरण्याचा अधिकार कीर्तनकाराला नाही आणि या लेखकालाही नाही. पण तिची गल्ली सोडून नाशिकमध्ये बाकी सारे शहर आहे. एका दाराची लक्ष्मणरेषा सगळ्या शहराभोवती ओढायची नसते. शिवाय मुलांवरच्या अत्याचारांत बहुतांश वेळा आरोपी ओळखीचा निघतो. नातलग, शेजारी, घरी येणारा-जाणारा. वेशीवर पहारा बसवून घरातला धोका टळत नाही.

दुसरा आक्षेप: ‘आम्हाला आधी माहिती नको का?’ माहितीची सोय आहेच. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते. अकरा महिन्यांचा करार होतो. ज्याच्यापासून खरोखर धोका आहे, त्याच्यासाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियमात तडीपारीची तरतूद आहे. तिथे नोटीस द्यावी लागते, म्हणणे ऐकून घ्यावे लागते, अपील करता येते, आणि मुदत जास्तीत जास्त दोन वर्षांची असते. हे नीट पाहा. कायद्याच्या तडीपारीलाही शेवट आहे. आपल्या सोसायटीच्या तडीपारीला नोटीस नाही, सुनावणी नाही, अपील नाही, मुदत नाही. देशात कुठेही राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने नागरिकाला दिला आहे. त्याला वाजवी बंधने घालायची तर ती कायद्याने घालायची असतात, जिन्यातल्या सह्यांनी नव्हे.

तिसरा आक्षेप उघड बोलला जात नाही, पण मनात असतो: ‘आमच्या फ्लॅटचा भाव उतरेल.’ याला उत्तर देण्याची गरज नाही. ज्याला हा हिशेब मांडायचा आहे त्याने मांडावा, फक्त त्या वेळी गळ्यातली माळ काढून ठेवावी.

चौथा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो: ‘सरकारने त्यांची सोय गावाबाहेर, वेगळी करावी.’ हा प्रयोग या देशाने करून पाहिला आहे. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. पुढे तो आपल्या मुंबई इलाख्यालाही लागू झाला. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत झाली. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचे नाही. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा शिक्का कायद्याने पुसला. लोकांच्या मनातून पुसला गेला का? पारधी कुटुंबाने गावाजवळ पाल टाकले की अजूनही आधी संशय येतो, मग माणसे येतात. वेगळे बसवल्याने गुन्हा संपत नाही. वेगळे बसवलेल्यांच्या नातवंडांपर्यंत संशय पोचतो, एवढेच होते.

याच्या उलट प्रयोगही आपल्याच मातीत झाला. औंध संस्थानच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या गांधीवादी माणसाच्या साथीने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. भिंत नाही. शिक्षा झालेली माणसे तिथे बायको-मुलांसह राहू लागली, जमीन कसू लागली. ही वसाहत आजही आहे. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावर बेतलेला. कथा गदिमांची, म्हणजे त्याच माणदेशच्या माणसाची. पंढरीपासून फार दूर नसलेल्या या माळावर एका संस्थानिकाने जे ओळखले ते असे, की माणसाला घर दिले, शेजारी बायको-मुले दिली आणि हाताला काम दिले, तर पळून जाण्याचे कारणच उरत नाही.

आपला संप्रदाय तर हे शेकडो वर्षे रस्त्यावर करून दाखवत आहे. नाथांची पालखी त्र्यंबकहून निघते, सातपूर, नाशिक, पळसे, सिन्नर करीत पंढरीकडे जाते. त्या वाटेवर आपण समोर येईल त्याच्या पायांवर डोके ठेवतो. त्याची जात विचारत नाही. चारित्र्याचा दाखला तर नाहीच नाही. राहुटीत शेजारी कोण झोपले आहे, त्याने आयुष्यात काय केले, हे कुणी पाहत नाही. काल्याचा घास कोणाच्या हातचा, याची चौकशी होत नाही. म्हणजे इतके दिवस आपण अनोळखी माणसांबरोबर, कडीकुलुपाशिवाय, निर्धास्त राहू शकतो. मग घरी परतल्यावर सिमेंटच्या भिंती आणि जाळीचा दरवाजा असतानाच नेमकी भीती का वाटते? वारी ही वर्षातून एकदा घालायची पोशाखी वस्तू झाली आहे का?

गोदावरीचेही तसेच. बारा वर्षांनी सिंहस्थ येतो, देशभरातून लोक रामकुंडावर पाप धुवायला येतात. आपण त्यांना पाणी देतो, अन्नछत्रे घालतो, ओसरी झोपायला देतो. पाप धुवायला आलेला पाहुणा चालतो. कोर्टाने सांगितलेली शिक्षा वर्षे मोजून फेडून आलेला शेजारी मात्र चालत नाही. वनवासाला निघालेल्या रामाला याच पंचवटीने पर्णकुटीपुरती जागा दिली, आणि त्या वनवासालाही चौदा वर्षांची मुदत होती.

साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते. १९३३ च्या फेब्रुवारीत तिथेच त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले. ते देशासाठी आत गेले होते, त्यांची तुलना इतरांशी करायची नाही. पण त्या भिंतींच्या आत काय काय उमलू शकते, हे त्या पुस्तकाने घरोघरी पोचवले. आणि याच गुरुजींनी १९४७ साली विठ्ठलमंदिराचे दार हरिजनांना उघडावे म्हणून पंढरपुरात प्राण पणाला लावले. त्या वेळीही दार अडवून धरणाऱ्यांत हरिनाम घेणारे होते. आज आपण त्यांची बाजू घेत नाही, उलट त्यांची लाज वाटते. सोसायटीच्या कागदावर सही करताना प्रत्येकाने एवढेच मनात आणावे, की आपल्या नातवंडांना या सहीबद्दल काय वाटेल.

आता करायचे काय? नुसता उपदेश करून थांबणे हा कीर्तनकारांचा जुना दोष, म्हणून चार गोष्टी स्पष्ट लिहितो.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, आळंदी, पंढरपूर येथे आपले मठ आणि धर्मशाळा आहेत. त्यांतल्या कितीतरी खोल्या यात्रा सोडून इतर दिवशी कुलपात असतात. प्रत्येक मोठ्या मठाने त्यांतल्या दोन खोल्या सुटून आलेल्यांसाठी ठरावीक मुदतीपुरत्या द्याव्यात. पहिले तीन महिने डोक्यावर छप्पर मिळाले तर माणूस उभा राहू शकतो. दुसरे, प्रत्येक भजनी मंडळाने एका माणसाचा भार उचलावा. दोन वयस्क, जबाबदार माळकऱ्यांनी घरमालकाकडे जाऊन ‘आम्ही ओळख देतो’ म्हणावे. पोलिसांत माहिती द्यावी, करार रीतसर करावा, काही लपवू नये आणि गावभर दवंडीही पिटू नये. तिसरे, स्त्रियांकडे आधी पाहावे. पुरुष सुटला तर बायको पुष्कळदा दारात उभी असते. बाई सुटली की माहेर आणि सासर दोन्ही दारे बंद होतात. आईबरोबर सहा वर्षांपर्यंतची मुलेही तुरुंगात राहतात. त्या लेकराने कोणता गुन्हा केला? निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई यांनी केला होता, तोच.

चौथी गोष्ट आपल्यासाठी पथ्य म्हणून. ‘माळ घाल, मग खोली देतो’ असा सौदा कोणी करू नये. त्याला वारीला यायचे असेल तर येईल, नसेल तर नाही. तो दुसऱ्या धर्माचा असला तरी छप्पर तेवढेच लागते. परमार्थाच्या नावाने लाचार माणसाकडून नाम वसूल करणे हा नामाचाच अपमान आहे. आणि हेही मान्य करून चालू या, की एखादा फसवेल. दहांतला एक उलटेल, पैसे बुडवेल, पुन्हा वाकड्या वाटेला जाईल. तेव्हा कायदा आहे, पोलीस आहेत. पण एकाने फसवले म्हणून उरलेल्या नऊ जणांना रस्त्यावर काढायचे नसते. घरात एक भांडे फुटले म्हणून कुणी स्वयंपाक बंद करत नाही.

न्यायाधीशाने पाच वर्षे सांगितली असतील तर शिक्षा पाच वर्षांची. त्यावर सहावे वर्ष आपण का लावतो? सातवे का लावतो? त्याच्या बायकोला, मुलाला, म्हाताऱ्या आईला ही शिक्षा कुठल्या कलमाखाली देतो? राज्याच्या कारागृह विभागाने ‘सुधारणा व पुनर्वसन’ हे आपले ब्रीद ठेवले आहे. सुधारणा भिंतीच्या आत होईल, पण पुनर्वसन म्हणजे पुन्हा वसणे, आणि वसायचे तर वस्तीतच. तिथले दार सरकारच्या ताब्यात नसते. ते तुमच्या-माझ्या घराचे दार असते, आणि त्याची कडी आतून लावलेली असते.

पालखी जाताना त्या दारासमोर आपण रांगोळी घालतो. या आषाढीला रांगोळी थोडी लहान घातली तरी चालेल. कडी मात्र काढावी.

रामकृष्णहरी.